एका हंड्यातून लाल, काळा आणि जांभळा

धर्माबादला मिरचीचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हा बाजारातून न शिंकता पलीकडे जाणारा माणूस विरळा. लाल मिरचीचे ढीग, लाल पोती, हमालांच्या खांद्यावर लाल धूळ. आता मला सांगा, गावात एवढा लाल रंग पडलेला असताना इथल्या लोकांनी मिरचीच्या पाण्यात बुडवून लुगडी, फेटे, परकर का नाही रंगवले? रंग तर आयताच होता!

उत्तर तुमच्या शर्टावर सापडेल. लोणच्याचा थेंब पडतो, आई रागावते, घासघास घासते, तरी लालसर डाग राहतोच. तोच शर्ट चार दिवस कडक उन्हात वाळत घाला. डाग फिका होत होत जातो. मिरचीला लाल करणाऱ्या पदार्थाचं नाव कॅप्सॅन्थिन. त्याला पाण्याचं वावडं आणि तेलाशी दोस्ती, म्हणून तर रश्श्यावरची तर्री लालभडक दिसते आणि खालचा रस्सा तितका लाल नसतो. कापसाच्या धाग्याला धरून बसण्याची काही सोय या कॅप्सॅन्थिनकडे नाही. त्यात त्याचा रेणू म्हणजे एक लांबच लांब साखळी. ऊन आणि हवा मिळून ती तोडतात. साखळी तुटली की रंग गेला.

हळदीचंही तेच. फक्त तिची गंमत जास्त आहे. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि आपण घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी वस्तू भेटली की हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं, एवढंच. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच युक्तीनं. पण उन्हात हळदही पळ काढते.

मग न पळणारा लाल कुठे मिळतो? सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो गावात खणताना चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. चार हजार वर्षांपूर्वीचे. ते लाल रंगवलेले होते, आणि रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळाचा होता. मिरचीचा डाग आठवडाभरही टिकत नाही, आणि हे मूळ चार हजार वर्षं टिकून बसलं. का?

मंजिष्ठा तुम्हाला आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळेल. तांबूस काड्या असतात. त्या पाण्यात उकळा, त्यात पांढरं सुती फडकं बुडवा, बाहेर काढून धुवा. फडकं जेमतेम फिकट गुलाबी-तपकिरी होतं आणि पुढच्या धुण्यात आणखी उतरतं. फसलं! म्हणजे सगळी करामत मुळाची नाही. तिसरं कोणीतरी लागतं. हे तिसरं कोण, ते आपल्या लोकांनी फार फार पूर्वी शोधून काढलं: तुरटी.

तुरटीत अॅल्युमिनियम असतं. लग्नात दोन अनोळखी घरांची गाठ घालून देणारा मध्यस्थ असतो ना, ते काम हे अॅल्युमिनियम करतं. एका हातानं रंगाच्या रेणूला धरतं आणि दुसऱ्या हातानं धाग्याला. मात्र कापूस जरा आखडू आहे. तो तुरटीलाही नीट जवळ करत नाही. म्हणून आधी हिरडा लागतो. हो, आजीच्या बटव्यातला, खोकल्यावरचा हिरडा. त्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. टॅनिन कापसाला चिकटतं, टॅनिनला अॅल्युमिनियम चिकटतं, अॅल्युमिनियमला मंजिष्ठेचा लाल. अशी साखळी जुळली की ती पाण्यानं, साबणानं सहसा सुटत नाही. रंग आणि कापड यांना बांधणाऱ्या या पदार्थांना रंगबंधक म्हणतात.

खरी जादू याच्या पुढे आहे. तुरटीच्या जागी लोखंड वापरलं तर? त्याच मंजिष्ठेच्या पाण्यात बुडवलेलं कापड लाल होत नाही, गडद जांभळं-काळं होतं. लोखंड रंगाच्या रेणूला वेगळ्या तऱ्हेनं धरतं, त्यामुळे तो रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतो, आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो. म्हणजे कापडावर इथे तुरटी, तिथे लोखंड आणि पलीकडे दोन्हींचं मिश्रण लावलं, आणि मग ते अख्खं एकाच हंड्यात उकळलं, तर बाहेर येताना इथे लाल, तिथे काळा आणि पलीकडे जांभळट. हंडा एक, पाणी एक, मूळ एक!

हे पाहून मोठमोठे लोक चक्रावले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्लिनी नावाचा एक लेखक होता. जगातलं सगळं एका ग्रंथात लिहून टाकायची त्याला हौस. त्यानं इजिप्तच्या रंगाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय की ते कापडाला काहीतरी लावतात, ते लावलेलं दिसतसुद्धा नाही. मग कापड उकळत्या हंड्यात टाकतात, हंड्यात रंग एकच असतो, पण कापड बाहेर येतं ते अनेक रंग घेऊन. प्लिनीला कारण कळलं नव्हतं. तुम्हाला आता कळलंय.

आता गाडीत बसू. धर्माबादहून गाडी निघाली की बासर येतं, मग गोदावरीचा पूल, मग निजामाबाद, मग हैदराबाद. तिथून पूर्वेकडे जात राहिलं की समुद्राकाठी मच्छलीपट्टण लागतं. कृष्णा नदी समुद्राला मिळते त्या भागातलं हे गाव एकेकाळी गोवळकोंड्याच्या कुतुबशाही सुलतानांचं बंदर होतं आणि इथलं छापील कापड जगभर जायचं. त्या कलेला कलमकारी म्हणतात. तिरुपतीजवळच्या श्रीकाळहस्तीला बांबूच्या कलमानं हातानं काढतात, आणि मच्छलीपट्टणच्या बाजूला लाकडी ठशांनी छापतात. आज हे छापकाम जास्त करून शेजारच्या पेडणा गावात चालतं.

तिथली कृती ऐका. कापड आधी हिरड्याच्या भुकटीत आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. दूध कशाला? दुधातल्या स्निग्धांशामुळे ठशाची रेघ पसरत नाही, फुलाची पाकळी पाकळीच राहते. मग काळ्या रेघांचा ठसा. त्याची शाई म्हणजे लोखंडाचं भंगार, गूळ आणि पाणी एका मडक्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवलेलं मिश्रण. (वास विचारू नका.) हे पाणी काही फार काळं नसतं, पण हिरड्याच्या कापडावर टेकलं रे टेकलं की काळं पडतं, कारण लोखंड आणि टॅनिन भेटले. त्यानंतर जिथे लाल हवा तिथे तुरटीचा ठसा. तुरटी तर दिसतच नाही, मग कुठे लावली ते कळणार कसं? म्हणून तिच्यात थोडासा कच्चा लाल मिसळतात, नुसता खुणेपुरता. मग कापड वाहत्या पाण्यात धुतात, म्हणजे जास्तीची तुरटी निघून जाते. आणि मग हंडा.

ठसे सागवानाचे असतात. एका चित्राला एक ठसा पुरत नाही. रेघांचा वेगळा, लाल भरायचा वेगळा, दुसऱ्या रंगाचा आणखी वेगळा. कारागीर ठसा शाईच्या गादीवर टेकवतो, कापडावर ठेवतो, वरून मुठीनं धप्पकन मारतो, आणि पुढचा ठसा आधीच्याला अगदी खेटून. केसाएवढी चूक झाली तरी फुलाचा लाल फुलाच्या बाहेर जातो. मला असा किंचित बाहेर गेलेला लाल फार आवडतो. मशीनला तो जमत नाही.

कलमकारीत लाल रंगासाठी पूर्वी मंजिष्ठेऐवजी 'चे' नावाच्या एका रोपट्याचं मूळ वापरत. समुद्राकाठच्या वाळूत उगवणाऱ्या या मुळाचा लाल फार नावाजलेला होता. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असायचा, म्हणजे कॅल्शियम. अॅल्युमिनियमच्या जोडीला कॅल्शियम आलं की लाल आणखी खुलतो. रंगारी म्हणायचे, आमच्या मातीचा गुण आहे. रसायनशास्त्र म्हणतं, बरोबर बोलताय. या मुळातल्या रंगाचं नाव अॅलिझरिन. 1868 साली ग्रेब आणि लीबरमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत, डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून बनवून दाखवलं, आणि बघता बघता मुळं खणणाऱ्यांचा धंदा बसला. तुरटी मात्र तेव्हाही लागलीच.

महाराष्ट्रातही कापड रंगवणारे-छापणारे होतेच. छत्रपती संभाजीनगरात रंगारगल्ली आहे. भावसार समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा. त्यांची कुलदेवता हिंगलाजमाता, आणि तिचं मूळ ठाणं कुठे, तर पार बलुचिस्तानात! हे लोक गुजरातेत आहेत, महाराष्ट्रात आहेत, कर्नाटकात आणि तेलंगणातही आहेत. गुजरातेतले गुजराती बोलतात, इथले मराठी. कर्नाटकातल्या कितीतरी भावसार घरांत आत मराठीच्या वळणाची बोली आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. आता सांगा बरं, भावसार कुठले?

हाच प्रश्न धर्माबादच्या शाळेत विचारला तर वर्गात कालवा होईल. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवट या तालुक्यांना तेलंगणाची हद्द लागते. इथे पद्मशाली विणकरांची घरं आहेत, त्यांची घरची भाषा तेलुगू. बाजारात मराठी, तेलुगू आणि दख्खनी हिंदी एकाच वाक्यात येतात. कुणाची आई निजामाबादकडची, वडील नायगावकडचे. मग घरात एक आजी असते आणि एक अम्मम्मा असते. संक्रांतीला तिळगूळही असतो आणि तांदळाच्या पिठाच्या गोल गोल सकिनालूही. दसऱ्याच्या आधी काही अंगणांत फुलांची बतुकम्मा रचतात आणि शेजारच्या घरात घट बसलेले असतात.

आणखी एक कोडं. समजा, एक आजी 1940 साली बासरला जन्मली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. तिनं किती राज्यं पाहिली? जन्मली तेव्हा निजामाचं हैदराबाद संस्थान. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. त्या हैदराबाद राज्यात 16 जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. 1 नोव्हेंबर 1956 ला ते तीन भागांत वाटलं गेलं आणि आजीचं बासर आंध्र प्रदेशात गेलं. 2 जून 2014 ला तेलंगण झालं. आजी ओट्यावरून उठलीसुद्धा नाही! तिची बहीण धर्माबादला दिली असेल, तर ती 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आली. दोघी बहिणी, गाडीनं एका स्टेशनाचं अंतर, आणि नकाशावर दोन वेगळे रंग.

आता कुणी म्हणेल, ते भाषेचं आणि राज्याचं झालं; रक्ताचं काय? रक्तानं तरी आपण एकाच कुठल्यातरी रंगाचे असू ना?

धर्माबादहून जी गाडी हैदराबादला जाते, त्या हैदराबादमध्ये सीसीएमबी नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या लालजी सिंग, के. थंगराज या शास्त्रज्ञांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांबरोबर भारतातल्या कितीतरी समाजांच्या लोकांचा डीएनए तपासला. डीएनए म्हणजे आपल्या पेशींत लिहून ठेवलेली कृती, अर्धी आईकडून आलेली, अर्धी वडिलांकडून. 2013 साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं, ते असं: साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतात वेगवेगळ्या पूर्वजांचे लोक एकमेकांत खूप मिसळले. उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, जवळपास सगळेच. त्यानंतर लोक आपापल्या जातीतच लग्नं करू लागले, म्हणून मिसळणं कमी झालं. म्हणजे 'आमचं घराणं अगदी शुद्ध' असं छाती पुढे काढून सांगणाऱ्या काकांच्या डीएनएमध्येही दोन-तीन ठसे एकावर एक बसलेले सापडणार. काकांना हे सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गंमत अशी की कापडाचा शोध घेणाऱ्या एका माणसाला भाषांचं नातंही दिसलं होतं. गास्तों केर्दू हा फ्रेंच पाद्री अठराव्या शतकात तेलुगू मुलखात आणि पुद्दुचेरीला राहिला. युरोपात तेव्हा भारतीय छिटाचं वेड होतं. इतकं, की तिथल्या विणकरांचा धंदा बुडू लागला आणि फ्रान्सनं 1686 साली या फुलाफुलांच्या कापडावर बंदीच घातली. इंग्लंडनंही 1721 मध्ये ते अंगावर घालायला मनाई केली. फुलांचा झगा घातला म्हणून दंड! तरी लोक चोरून घालतच राहिले. युरोपियनांना कळत नव्हतं ते एवढंच, की हा रंग धुतल्यावर जात कसा नाही. केर्दूनं इथल्या कारागिरांना विचारून हिरडा, दूध, तुरटी, सगळं समजून घेतलं आणि 1742 मध्ये लांबलचक पत्र लिहून फ्रान्सला कळवलं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित एका पत्रातून गेलं. मला वाटतं, त्या कारागिरांची नावंही पत्रात असायला हवी होती.

हाच केर्दू तेलुगू आणि संस्कृत शिकला, त्यांचा फ्रेंच शब्दकोश रचायला बसला. 1767 मध्ये त्यानं पॅरिसच्या विद्वानांना लिहिलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या दिसतात. पुढे 1816 मध्ये मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी दाखवून दिलं की तेलुगू, तमिळ, कन्नड यांचं कूळ निराळं आहे. म्हणजे धर्माबादच्या एखाद्या घरात अम्मम्मा आणि आजी शेजारी शेजारी जेवायला बसतात, तेव्हा जगातली दोन मोठी भाषाकुळं एका पंगतीत बसलेली असतात. आणि वाद काय चाललेला असतो, तर पच्चडीत लसूण जास्त झाला!

हे छीट समुद्रापार गेलं ते एकटं नाही गेलं. युरोपातले व्यापारी मच्छलीपट्टणला नमुने पाठवायचे: अशी फुलं काढा, जमीन लाल नको, पांढरी ठेवा. कारागीर मान डोलवायचे आणि आपल्या मनाचं थोडं घालायचे. त्यातून जे झाड कापडावर उगवलं, ते पृथ्वीवरच्या कुठल्याच बागेत नाही. झाडाखालचा खडक चिनी चित्रासारखा, वळणदार खोड इराणी, पानं इंग्रजी भरतकामातली आणि लाल कृष्णाकाठचा. एकाच फांदीला दहा जातींची फुलं.

हेच कापड जहाजातून जावा बेटावरही जायचं, आता ते इंडोनेशियात आहे. तिथे बाटीक चालतं. बाटीकमध्ये जिथे रंग नको तिथे वितळलेलं मेण लावायचं. मेणाखाली रंग शिरत नाही. मेण तोटीच्या छोट्या कलमानं लावतात, नाहीतर तांब्याच्या ठशानं. जावावर तेव्हा डच लोकांचं राज्य होतं. डच वडील आणि तिथली आई, अशी कितीतरी घरं झाली. त्या घरांतली मुलं डचांना पूर्ण डच वाटत नसत आणि जावानी लोकांना पूर्ण जावानी वाटत नसत. अशाच मिश्र घराण्यात 1863 साली जन्मलेल्या एलिझा फान झाउलेन यांनी पेकालोंगान गावात बाटीकचा कारखाना चालवला. त्यांच्या कापडावर युरोपातले पुष्पगुच्छ असत, पण नेसायचं मात्र जावाचं सारोंग. आणि कोपऱ्यात स्वतःची सही! कापडावर सही करणाऱ्या बाई मला भारी आवडतात. 'तू नक्की कोण?' असं विचारणाऱ्यांना सारोंगच्या कोपऱ्यात उत्तर.

जावावर एक 'तीन मुलखांचं बाटीक'ही होतं. त्याचा लाल लासेम गावात रंगवायचा, तिथे चिनी वंशाची घरं पुष्कळ. मग मेण लावून कापड पेकालोंगानला न्यायचं, तिथे निळा. मग सोलो गावी, तिथला तपकिरी. प्रत्येक गावाचा एका रंगात हातखंडा, आणि लोक म्हणायचे, हा त्या त्या पाण्याचा गुण. एक रंग घ्यायला एवढा प्रवास! धर्माबादच्या हिशोबानं लाल हैदराबादला, निळा नांदेडला आणि तपकिरी बिदरला. तिन्हीकडे फिरून आलेलं कापड घरी येईपर्यंत वर्ष सरायचं.

मग डच कारखानदारांना वाटलं, हे मशीनवर केलं तर? हॉलंडच्या हेलमंड गावात 1846 साली निघालेल्या एका कारखान्यानं, आज त्याला व्हिलिस्को म्हणतात, बाटीकची नक्कल छापायला घेतली. मेणाऐवजी राळ वापरली. राळेला तडे जायचे, तड्यांतून रंग शिरायचा आणि कापडावर वेड्यावाकड्या रेघा उमटायच्या. जावातल्या लोकांनी नाकं मुरडली. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांना मात्र तेच आवडलं: प्रत्येक वार वेगळा! तिथे ते इतकं रुजलं की आज सगळं जग त्याला आफ्रिकेचं कापड म्हणतं. यिन्का शोनिबारे हे कलावंत लंडनमध्ये जन्मले, नायजेरियातल्या लागोसला वाढले. आपण ब्रिटिश की आफ्रिकी, या प्रश्नाशी खेळायला त्यांनी मुद्दाम हेच कापड निवडलं. जुन्या इंग्रज साहेबांचे पुतळे करायचे आणि त्यांना या कापडाचे कोट शिवायचे. कोट इंग्रजी, कापड आफ्रिकेचं, छापलेलं हॉलंडचं, युक्ती जावाची, आणि जावाला गेलेल्या वाटेवर आपलं मच्छलीपट्टण.

एक गोष्ट मात्र मला थोडी टोचते. जुनी छिटं संग्रहालयांत पाहिली तर त्यांतली पानं कितीतरी वेळा निळी दिसतात. कारागिरांनी निळी पानं काढली नव्हती. आधी निळीच्या पिंपात बुडवून निळा दिला, मग त्यावर हातानं पिवळा चढवला, तेव्हा हिरवा झाला. निळीचा रंग धाग्यात अडकून बसतो. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून पिंपात आंबवून विरघळवावी लागते आणि कापड बाहेर काढलं की हवा लागून ती पुन्हा निळी आणि घट्ट होते. पिवळा मात्र उन्हानं, धुण्यानं उडाला. मग हिरव्या पानातलं निळं तेवढं उरलं, आणि बघणाऱ्याला वाटतं, पान पहिल्यापासून निळंच होतं. भाषेचंही असंच होतं. घरात तेलुगू बोलणारी शेवटची अम्मम्मा गेली की नातवंडांना 'मला समजतं पण बोलता येत नाही' एवढंच म्हणता येतं. त्यांच्या मुलांना तर समजतही नाही.

चला, आता हात लाल करू. मोठं माणूस जवळ हवं, आणि भांडं असं घ्या जे पुन्हा स्वयंपाकाला वापरणार नाही. जुन्या सुती धोतराचा किंवा चादरीचा तुकडा साबणानं उकळून धुवा, म्हणजे त्यातली खळ निघून जाईल. हिरड्याच्या भुकटीच्या पाण्यात तो भिजवा, पिळा, सावलीत वाळवा. तो पिवळट होईल. दोन-तीन आठवडे आधीच गंजके खिळे, गूळ आणि पाणी एका बरणीत घालून ठेवलेलं असू द्या, झाकण सैल. दुसऱ्या वाटीत तुरटीचं घट्ट पाणी, त्यात थोडी खळ, म्हणजे पसरणार नाही.

ठसा बटाट्याचा, किंवा भेंडीचं देठ कापून. पण नक्षी कुठली? इथे घरात चौकशी करा. एका आजीला विचारा, तुमच्या अंगणात रांगोळी कुठली काढायचे. दुसरीला विचारा, तुमच्याकडे मुग्गू कसा घालायचे. ठिपके किती, रेघ ठिपक्यांना वळसा घालून जायची की जोडत जायची? दोघींची एकेक नक्षी ठशावर कोरा. एकीची लोखंडाच्या पाण्यानं छापा, दुसरीची तुरटीच्या. आणि एका कोपऱ्यात दोन्ही एकमेकांवर चढू द्या. रात्रभर वाळवा, हलक्या हातानं वाहत्या पाण्यात खळबळा, आणि मंजिष्ठेच्या पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत राहा.

कापड बाहेर काढाल तेव्हा नक्षीखेरीजची जागाही थोडी लालसर झालेली असेल. ते चालतं. धुवून वाळलं की मधोमध फाडा. एक तुकडा खिडकीत उन्हाला लटकवा, दुसरा जाड पुस्तकात दाबून ठेवा. महिन्यानं दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा, आणि कुठल्या आजीची नक्षी आधी उतरू लागली ते आम्हाला लिहून कळवा. ते पत्र दोघींना वाचून दाखवू नका, भांडण लागेल.